बाहीवरचं घड्याळ

मुकुटबनच्या थांब्यावर एसटी आली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने, वनूने, मला हातसुद्धा केला नाही. माझी पिशवी तिने दारातून आत ढकलली, "नीट बस" म्हणाली आणि वळून चालायला लागली. तिला कापूस वेचायला जायचं होतं. बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. मी खिडकीतून तिची पाठ पाहत राहिले. लुगड्यावर तिने नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट घातला होता. आमच्याकडे वेचणी करणाऱ्या सगळ्याच बाया असा शर्ट घालतात, नाहीतर वाळल्या बोंडांच्या टोकांनी हात सोलून निघतात. मीही जन्मभर घातला. त्या दिवशी मात्र मी नवं पातळ नेसून मुलासोबत पुण्याला निघाले होते. नवरा वारला होता. मुलगा म्हणाला, चल. मी गेले. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

हे मी गावात राहिलेल्या बायांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या पोरांच्या मागे शहरात आलेल्यांसाठी. चौथीपर्यंत शिकले. लिहायला वेळ लागतो. पण इथे माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काय आहे?

लहानपणी आमच्या घरात घड्याळ नव्हतं. वावरात आईची नजर बांधावरच्या पळसाच्या सावलीवर असायची. सावली बांध ओलांडून पलीकडच्या तुरीत शिरली की ती ओरडायची, "चला व पोरींनो, का ओढत नेऊ?" मग आम्ही कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस गाठोड्यात ओतायचो आणि एका रांगेत घरी यायचो. आई पुढे, मी मागे. वनू सगळ्यांत लहान, म्हणून तिला मधे घ्यायचो. ती पळून पुढे जायला बघायची. आई न वळता म्हणायची, "मधी चाल, वने." आईला मागे डोळे होते असं वनूला बरीच वर्षं वाटत होतं.

पुण्यात आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. इथे भिंतीवर वेळ, टीव्हीखालच्या डब्यावर वेळ, मायक्रोवेव्हवर वेळ, सुनेच्या मनगटावर वेळ. घरात जिथे बघावं तिथे वेळ लिहिलेली आहे आणि मला कुठेच जायचं नाही. सुरुवातीला मी दुपार उतरली की उठून दाराशी जायची. सून विचारायची, "आई, काही हवंय का?" काही नको होतं. पाय सवयीने उठायचे.

मग एका हिवाळ्यात वनूचा फोन आला. आमच्या शेजारची सुमन गेली होती. नाल्याकाठच्या वावरात कापूस वेचत होती. बाकीच्या निघाल्या तेव्हा म्हणाली, एवढी ओळ झाली की आलीच. ती आली नाही. माणसं काठ्या, टॉर्च, फटाके घेऊन गेली. वाघाने तिला नाल्यात ओढत नेलं होतं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तिची ओटी कापसाने भरलेली होती, एवढं वनूने सांगितलं.

वाघ पूर्वीही होते. पण तेव्हा जंगल आणि वावर यांच्यात पडीक जमीन होती, गुरांची वाट होती. आता कापूस थेट झाडोऱ्याला जाऊन टेकला आहे आणि वाघही वाढले आहेत. वाघ दिवस मावळायला बाहेर पडतो. म्हणून बायांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून जायचं आणि साडेचारला सगळ्यांनी मिळून वावराच्या बाहेर पडायचं. 'चला' म्हणायचं काम वनूकडे आलं, कारण ती वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी.

पुढच्या फोनवर तिने मला जन्मात पहिल्यांदा काही मागितलं.

"अक्का, मले एक घड्याळ पाठवतं का?"

फोन असताना घड्याळ कशाला, असं मुलाने विचारलं. त्याला काय माहीत. फोन डब्याच्या पिशवीत बांधावर राहतो. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांत. वावरात रेंज नाही आणि कितीदा तर चार्जिंगही नसतं. तरी त्याने मनावर घेतलं. मोबाईलवर मला डोंगर चढणाऱ्यांची घड्याळं दाखवली. एकात दिशा कळते, एकात नाडीचे ठोके, एकात आपण किती उंचावर आहोत ते.

"वनू नाल्याकाठी आहे," मी म्हटलं. "किती उंच, ते तिला माहीत आहे."

"आई, ही दणकट असतात. फील्डवर्कवाले हीच घेतात."

"रोज चार्ज करावं लागतं?"

"दोन दिवसांनी."

"मग नको."

आमचं असं चाललेलं असताना सुनेने एक घड्याळ आणून माझ्या हातात ठेवलं. बायकी, नाजूक, सोनेरी साखळीचं. मावशींना भेट म्हणून. तिने मनापासून आणलं होतं आणि घड्याळ सुंदर होतं. वणीकडे जाणाऱ्या एका नातेवाइकाजवळ ते दिलं. वनूचा फोन आला, "लय देखनं हाय. सुनेले जयभीम सांग." काम झालं असं मी धरून चालले.

पुढची वेचणी आली. एक दिवस आभाळ भरून होतं. दुसऱ्या दिवशी वनू फोनवर बोलली, तुरीला फुलं आली हे सांगावं तशा आवाजात.

"काल आमाले उशीर झाला. ऊन नव्हतं तं समजलंच नाई. मी चला म्हनलं तं संगची पार्बता म्हनते, तुह्या मनानं सांगून राह्यली का? मंग थांबलो थोडं. आलो घरी नीट. आज सकाळी गेलो तं नाल्यापासून वाटेवर त्याचे पंजे."

"मग त्यात काय? वाघ फिरतोच."

"आमच्या पावलाच्या वर पंजे होते, अक्का. माही चप्पल, अन् तिच्यावर पंजा. पार गावाजवळच्या गोठनापर्यंत."

पार्बता, वनू, तिची सून, सगळ्या एकामागे एक बोलत चालल्या असतील आणि तो त्यांच्या मागे चालत होता. मग मला घड्याळाची आठवण झाली.

"घड्याळ काय सांगत होतं?"

ती तुरीचं काहीतरी सांगायला लागली.

"वने, घड्याळ कुठे आहे?"

"पेटीत हाय."

"पेटीत?"

"पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. जयंतीले घालीन म्हनलं."

"अवं, ते कापसात घालायला पाठवलं होतं!"

"सोन्यावानी घड्याळ घालून कापूस वेचू काय मी? बाया हसतीन. अन् ते शर्टाच्या बाहीवर बसत नाई. बाहीच्या आत घातलं तं दिसत नाई. तुले काय, तू लिफ्टात फिरतं."

मी फोन ठेवून दिला. राग आला होता, पण तिचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. चांगली वस्तू आम्ही पेटीतच ठेवतो. आमच्या आईने नवी छत्री तीन पावसाळे अशीच ठेवली होती. वनूला असं घड्याळ हवं होतं की जे पेटीत ठेवावंसं वाटणार नाही. त्याच आठवड्यात मी मुलाला म्हटलं, मला गावी सोड. तो कामात होता. मी एकटीच निघाले.

मुकुटबनला एक घड्याळ दुरुस्तीवाला आहे, मोबाईलची कव्हरंही विकतो. मी आणि वनू त्याच्या टपरीपुढे उभ्या राहिलो. वनू घरून नवऱ्याचा शर्टच घालून आली होती. लोक बघत होते.

"मावशी, बायकांची घड्याळं इकडं हाये," तो म्हणाला.

"मानसाचं दाव," वनू म्हणाली. "काळं. वाईट दिसनारं."

त्याने स्टीलच्या पट्ट्याचं दिलं. ते वनूने बाजूला सारलं. मार्चपर्यंत वेचणी लांबली तर उन्हात लोखंड चटके देतं आणि पट्ट्याच्या फटीत कापसाचे धागे अडकतात. मग चामड्याचं. ते मी नको म्हटलं, घाम आणि दव पिऊन ते एका हंगामात कुजतं. सकाळी कापूस इतका ओला असतो की बाह्या कोपरापर्यंत भिजतात. मग त्याने नुसत्या आकड्यांचं दिलं. वनू ते घेऊन रस्त्यावर उन्हात गेली, हात लांब धरून डोळे बारीक केले आणि परत आली.

"पाच अन् सहा एकसारकेच दिसते. काट्याचं दे. मोठा काटा सरळ खाली आला का साडे. हे पार्बतालेबी समजते, तिनं शाळा पायली नाई तरी."

"काट्याच्या घड्याळात गजर नसते, मावशी."

"गजर लागतेच," वनू म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. हे तिने मला सांगितलं नव्हतं.

"मी चला म्हनलं तं माह्यासंग भांडते, अक्का. जेवढं वेचलं तेवढीच मजुरी. कोनाले निघू वाटते? सुमनलेबी मीच म्हनलं होतं, चल. ती म्हने, तू हो पुढं." ती घड्याळांकडे बघत बोलत होती. "मानसाचं सांगनं आयकत नाई कोनी. वाजलं म्हंजे वाजलं."

दुकानदाराने खालचा खोका काढला. त्यात एक जाडजूड, काळं, रबरी पट्ट्याचं घड्याळ होतं. काटे होते, खाली बारीक खिडकीत आकडेही होते आणि गजर होता. काचेभोवती उंच कड होती, म्हणजे बोंड घासलं तरी काचेला लागणार नाही. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"हे वॉटरप्रूफ हाय," तो म्हणाला.

"हो का?" वनूने ते उचललं आणि त्याच्या पाण्याच्या तांब्यात टाकलं.

"अवं मावशी, ते प्याचं पानी हाय!"

"घड्याळ खराब हाय काय तुहं? मंग पे."

तांब्यातलं घड्याळ बघत आम्ही तिघं उभे राहिलो. चहावालाही आला. बाहेर काढलं तेव्हा ते चालू होतं. मग गजर लावून वनूने मला रस्त्यापलीकडे पाठवलं. एसटीच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नाही. "वावरात एसटी नसते," वनू म्हणाली आणि शर्टाच्या बाहीवर, मनगटाच्या वर, पट्टा आवळला. पट्टा पुरुषी, लांब. बाहीवरून बरोबर बसला. घड्याळ बटबटीत दिसत होतं आणि हरवलं असतं तर कुणी रडलं नसतं, इतकं स्वस्त होतं.

"हे पेटीत ठेवशील?" मी विचारलं.

"कायले? याले कोन चोरते?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वावरात गेले. वेचायचं माझं वय राहिलं नाही, बांधावर बसून राहिले. पळस कधीच तोडला आहे. बाया ओळींत शिरल्या, वाकल्या, आणि त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत राहिल्या. नाल्याच्या बाजूला मी मुद्दाम बघत नव्हते. सुमनची ओळ कोणती, हे कुणी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उन्हं कलली आणि गजर वाजला. आवाज किड्याच्या किरकिरीएवढा. पण वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. सगळ्या पाठी उभ्या राहिल्या. पार्बता तेवढी वाकलेली.

"दोन झाडं राह्यले व," ती म्हणाली. "आलीच."

'आलीच' म्हटल्यावर सगळ्यांनी नाल्याकडे बघितलं. वनू तिच्याजवळ गेली आणि बाही तिच्या तोंडापुढे धरली. घड्याळ वाजतच होतं.

"माह्यासंग भांडू नोको. याच्यासंग भांड."

पार्बताने घड्याळाकडे बघितलं. "बंद कर त्याले, माय," ती म्हणाली, "कान खाऊन राह्यलं." आणि ओटी सोडली.

आम्ही रांगेने निघालो. वनू पुढे होती. मी हळू चालते, म्हणून मागे राहत होते. वनू न वळता म्हणाली, "अक्का, मधी चाल." दोन बाया बाजूला झाल्या आणि मला आत घेतलं.

निघताना तिने सोनेरी घड्याळ माझ्या पिशवीत टाकलं. "तू घाल. तुह्याकडं वाघ नाई."

आता ते मी पुण्यात घालते, रोज, भांडी घासतानासुद्धा. सुनेला बरं वाटतं. ठरलेलं असं आहे की बाया गावाशी, गोठणावर पोचल्या की वनूने मला एक रिंग द्यायची आणि मी फोन उचलायचा नाही. उचलला तर पैसे पडतात असं तिला अजून वाटतं, आणि ते मी खोडून काढत नाही. एकदा रिंग आली नाही. मी बाल्कनीत उभी होते, खाली सोसायटीचा वॉचमन पाइपने गाड्या धूत होता, आणि मला सगळं दिसत होतं, वाट, नाला, पाठी. बऱ्याच वेळाने रिंग आली. त्या दिवशी मी फोन उचलला.

"पार्बताची चप्पल तुटली," वनू म्हणाली. "उचलला कायले? ठेव."

तुमचं गाव कोणतं, असं इथल्या बागेत बायका विचारतात. मी तालुक्याचं नाव सांगते, त्यांना ते माहीत नसतं, विषय संपतो. माझ्या घराला तिकडे कुलूप आहे, छप्पर बसलं आहे, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण साडेचार झाले की मी हातातलं काम ठेवते आणि फोन ओट्यावर उताणा ठेवते. तेवढा वेळ मी त्या वाटेवर असते, मधे. मग फोन एकदा वाजून बंद होतो. त्या घरी पोचलेल्या असतात. मी चहाचं आधण ठेवते.