ओवा मीच दिला

व्यंकटच्या हातावर ओवा मीच ठेवला. पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळाच्या पायरीवर, शनिवारी सकाळी. छाती चोळत तो म्हणाला, "गॅस धरलाय बघ मास्तर. ओवा हाय का?" होता. त्याच खिशात जिभेखाली ठेवायची माझी हृदयाची गोळीही होती... परभणीला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता पंधरा दिवस होतील.

आम्ही वर्गमित्र. तो दुधाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता, मी शाळेत मास्तर. तीन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसला आणि हा पठ्ठ्या माझ्या पोटाचा मुकादम झाला. दुखणं हृदयाचं, मग हा पोटामागे का लागलाय, मला कळेना. "आरं, आतड्यात जंतूंचं अख्खं गाव हाय," तो सांगायचा. "त्यांला रोज मटण घातलं की त्यातले काई जण असं काईतरी बनवतेत, ते लिव्हरमधून रक्तात जातंय आन् नळ्या खराब करतंय. ज्वारी घाल, मटकी घाल, भाज्यांचा चोथा घाल, मंग दुसरे कामाला लागतेत." वर तंबी असायचीच, "पण डॉक्टरच्या गोळ्या सोडायच्या न्हाईत. जंतू काय डॉक्टर न्हाईत." आखाडातल्या एका पंगतीत त्यानं माझ्यापुढची रश्श्याची वाटी उचलून सगळ्यांदेखत स्वतःच ओरपली. मी चिडलो आणि हसलोही.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वैनींनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. त्याच्या हृदयाला रक्त कमी पडतंय, अँजिओग्राफी ताबडतोब करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो जाण्याच्या दोन महिने आधी! त्यानंतरचे सगळे शनिवार आम्ही बरोबर घालवले. या माणसानं मला माझं ताट विचारलं, माझी झोप विचारली, आणि स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"मला वाटलं, तुमाला तरी ठाव आसंल," वैनी म्हणाल्या.

"न्हाई वैनी."

"मंग आपल्या दोघांलाबी फसवलं त्यांनी."

गोळीनं तो वाचला असता की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण गॅस आणि हृदय यातला फरक गावाला समजावणाऱ्या माणसानं मला गॅस म्हणून सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला. माझ्या हातून ओवा देववला त्यानं. हे मी त्याला माफ करू शकत नाही.

निघताना वैनींनी मागची खोली उघडली. फळीवर गाजराच्या आंबवलेल्या कांजीची बरणी होती. चिठ्ठीवर त्याचं तिरकं अक्षर: 'मास्तरसाठी. मीठ कमी घातलंय.' झाकणाच्या कडेनं बारीक फेस येत होता. आतले जंतू अजून कामाला लागलेले होते.

"न्या की," वैनी म्हणाल्या.

मी झाकण घट्ट केलं, बरणी फळीवर होती तिथंच ठेवली आणि चपला घातल्या.