माठातली चिलटं

हाव वं ग्रुपवरच्या बायांनो, माठातली दारू फेकली नाही. गाळली.

आमचे हे जाऊन सतरा दिवस झाले. त्यायनं मोहफुलं अन् गूळ टाकून दारू आंबवाले ठेवली होती, तो माठ तसाच कोपऱ्यात राह्यला. आज दुपारी अंगणात काढला, तं वर चिलटायचा थर. माठाच्या तोंडावरचं फडकं खाली पडलेलं.

सासू माझ्या दिरावर खेकसली, "माठ उघडा टाकून कोन गेलं? तूच आला असशीन चोरून प्याले!"

मीबी चिडवलं, "काऊन भाऊजी, चिलटायले पंगतीचं बोलावणं देल्लं होतं का?"

शेजारणी हसल्या. मले हसू आलं नाही अन् रडूबी नाही. सारं बधिर होऊन गेलं हाय.

नवी दारू पह्यले बांधावरच्या म्हसोबाले दाखवा लागते. चिलटासकट कशी न्यायची? मंग ह्यायचंच धोतर दुहेरी करून दोनदा गाळली. भाऊजी तांब्या घेऊन शेतात गेले, तरी सासूच्या शिव्या चालूच.

तुमच्या घरी चिलटं माठात जाऊ नाही म्हून काय करता, लिहा खाली.

अन् घरात बोलली नाही ते इथं सांगतो. फडकं मीच सोडलं होतं. डॉक्टरनं दारूची मनाई केली होती, तरी ह्यायनं हात जोडून मागतली म्हून सकाळी वाटीभर पाजली. संध्याकाळी ते गेले.