दुसऱ्याला बदल, पहिल्याकडे बघ

मी नोंदीची कॉपी करायचा कोड लिहिला की मला काम शिकवणारे सर खुर्ची माझ्याकडे ओढत. "आता दुसऱ्याला बदल आणि पहिल्याकडे बघ." दोघंही पडद्याकडे बघत बसायचो. कॉपी बदलूनही मूळ नोंद तशीच राहिली, तरच चहा.

लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर त्यातले.

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर. सर खरवईहून स्कूटरने येत. मी फारशी बोलत नसे. "बोल गं, मॉनिटर नाही बोलणार," ते म्हणत.

बदलापूरच्या एका प्रसूतिगृहाला जुळ्यांसाठी कॉपीचं बटण हवं होतं. आईचं नाव, पत्ता पुन्हा टाइप करायला नको म्हणून. ते सरांनी स्वतः लिहिलं. आमचे सिंधी मालक, शेठ, डोक्यावर उभे. "अरे साईं, डॉक्टर लाइन पे है, चालू करो ना!"

सरांनी चालू केलं. पहिल्याकडे बघायचं राहिलं.

दुपारी सिस्टरचा फोन आला. स्पीकरवर हसत होत्या. "सर, तुमच्या कॉम्प्युटरने आमचं अशक्त बाळ गुटगुटीत केलं की! धाकट्याचं वजन टाकलं, तर थोरल्याचंही तेवढंच दिसतंय."

सर उभेच राहिले. कॉपीने बाळाची नोंद नवी केली होती, पण वजनाची नोंद दोघांत एकच राहिली होती.

"थोरल्याला औषध दिलं?"

"इंजेक्शन भरतेय. डोस पडद्यावरच येतो ना, वजनावरून."

"थांबा! पडदा बघू नका. बाळाला काट्यावर ठेवा."

फोन माझ्या हातात कोंबून ते बटण बंद करायला धावले. "आकडा ऐकल्याशिवाय सोडू नकोस."

"सिस्टर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ठेवलं का?"

पलीकडे बाळ रडत होतं. खाली शिलाई मशीन चालू होत्या. मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "दीड किलो. पडद्यावर अडीच आहे. भरलेलं इंजेक्शन ओतून टाकते."

संध्याकाळी सर बदलापूरला जाऊन सिस्टरची माफी मागून आले. महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली. शेठ म्हणाले, "बच्चा ठीक है ना, साईं? फिर?"

"बघायचं माझं काम होतं, शेठ."

त्यांची खुर्ची अजून माझ्या शेजारीच आहे. कॉपीचा कोड लिहून झाला की मी दुसरी नोंद बदलते, आणि पहिली उघडण्याआधी मॉनिटर जरासा त्या खुर्चीकडे वळवते.