कापशाचं पोट थांबलं तेव्हा

"काकू, ह्याचं पोट थांबलंय," पाटोद्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्या सशाचं पोट चाचपून सांगितलं. "जीआय स्टॅसिस म्हणतात ह्याला." म्हणजे आतडी मंदावतात, खाल्लेलं पुढे सरकत नाही, गॅस धरतो. ससा खाणं सोडतो, लेंड्या टाकत नाही. "अजून उशीर केला असता तर हाती लागला नसता."

आत जायच्या आधी बाकावर म्हशीवाले, शेळ्यांवाले बसले होते. माझ्या मांडीवरची टोपली बघून एकजण हसला, "ससा बी दवाखान्यात आणत्यात व्हय?" मी म्हटलं, "तुमची म्हैस आणता तसाच." आणि टोपली जवळ ओढून घेतली.

कापशा, हा ससा, खरं तर माझ्या लेकीचा. पुण्यात हॉस्टेलवाले ठेवू देईनात, म्हणून दिवाळीत माझ्याकडे सोडून गेली. दिवाळी झाली की आमची अख्खी गल्ली ऊसतोडीला जाते, दारोदार कुलपं लागतात. मालक वारल्यापासून घरात मी एकटीच. बोलायला एक कापशा, तोही मुका.

"खायला काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

आमच्यात ताटावर बसलं की पहिला तुकडा मुक्या जनावरासाठी काढायची रीत आहे. गाय विकल्यापासून तो तुकडा तसाच राहायचा, मग कापशाला द्यायला लागले. एका तुकड्यावर तोही थांबायचा नाही आणि मीही. बाजरीची भाकरी, वर गुळाचा खडा, संक्रांतीला तिळाचे लाडू. तो कुरुकुरू खायचा, तेव्हा कुणीतरी पंगतीला बसलंय असं वाटायचं.

हे सगळं सांगितलं तसं डॉक्टर म्हणाले, "भाकरी, गूळ, लाडू सगळं बंद. वाळलेलं गवत हेच ह्याचं जेवण, ते कायम पुढं पायजे, आन् पाणी. हिरवा पाला पोट सुरू झाल्यावर, थोडा थोडा."

त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं पातळ खाणं कसं भरवायचं ते दाखवलं. "घाई करू नका, ठसका लागंल."

घरी आले आणि गवताचं आठवलं. शेजारच्या मीराला कारखान्याच्या तळावर फोन लावला. ती ओरडलीच, "काकू, आमच्या गोठ्यात पडलंय की! इचारता काय? घ्या."

दोन दिवस तो कोपऱ्यात पोट आवळून बसलेला आणि मी त्याच्यासमोर. सिरिंजनं भरवायचं, केरसुणीनं कोपरा झाडायचा, लेंडी दिसते का बघायचं. माझी भाकरी ताटात तशीच वाळायची. हाही गेला तर या घरात हाक कुणाला मारायची, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात चार बारीक, सुकलेल्या लेंड्या दिसल्या. मी तिथंच बसून रडले. सांगायला गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा मीराला फोन. लेंड्यांसाठी फोन केला म्हणून ती खदखदून हसली, मग म्हणाली, "लई बरं झालं बगा काकू." त्या गवताचे आणि त्या हसण्याचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्याही घरी ससा असेल आणि त्यानं एक वेळचं खाणं जरी सोडलं, तरी उद्यावर ढकलू नका. डॉक्टर गाठा. आणि माया करायची तर गवतानंच करा.

आता माझं ताट मी त्याच्या गवताशेजारी मांडते. पहिला तुकडा हात अजूनही मोडतोच. कापशा मान उंचावून बघतो. मी तो तुकडा माझ्याच तोंडात घालते. तो जरा वेळ रुसतो, मग गवताकडे वळतो, आणि आम्ही दोघं जेवतो.