पुसलेला माऊस

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि माऊस पुसला. आधी वरून, मग दोन्ही बटणं, मग अंगठा टेकतो ती बाजू. मी नुकताच त्यावरून हात काढला होता.

उल्हासनगर कॅम्प तीनमधला जीन्सचा कारखाना. कटिंगच्या टेबलाच्या टोकाला कॉम्प्युटर. बाजूला कटिंग मास्टर उभे, बोटं कापडाच्या रंगानं निळी झालेली. माझ्याआधी माऊस त्यांच्या हातात होता. त्यावर निळे डागही पडले होते. त्यांच्या हातून सरांनी तो तसाच घेतला होता, मग माझ्याकडे आला. माझे हात मी कारखान्यात आल्या आल्या धुतले होते.

मास्टरांनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे वळले. मी हसले. असं हसायला आपल्याला कोण शिकवतं, माहीत नाही. पण शिकवलेलं असतं.

मी अंबरनाथची, बुवापाड्यातली. आम्ही बौद्ध. बाप केमिकल कंपनीत होता, छाती खराब करून घरी बसला. आई पापडाच्या कारखान्यात लाटायला जाते. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि कॅम्प तीनमधल्या एका छोट्या ऑफिसात लागले. जीन्सवाल्यांसाठी प्रोग्राम बनवायचं काम. मालक शेठ, आणि आमच्यावर हे सर. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहणारे, मोठ्या जातीचे, गोड बोलणारे. कधी आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर सोपं होतं. शिवीला उलट शिवी देता येते, रुमालाला काय देणार?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग नुसतं "अच्छा" म्हणाले. त्या दिवसापासून नियम झाला. त्यांच्या मशीनवर काही दाखवायचं असलं की मी खुर्चीच्या मागे उभं राहायचं.

"तू नुसतं सांग गं. मी करतो."

मी सांगायची. इथे क्लिक करा सर. दाबून ठेवा. उजवीकडे न्या. आता सोडा. दिवसभर दुसऱ्याच्या हाताला वाट दाखवायची आणि आपले हात मागे बांधून ठेवायचे.

काम मात्र मला आवडायचं. पडद्यावर कापडाचा लांब चौकोन, त्यावर जीन्सचे फर्मे, म्हणजे पायाचे, खिशाचे, कमरपट्टीचे आकार. माऊसनं उचलायचे आणि कापड वाया जाणार नाही असे बसवायचे. तो चौकोन माझा होता. बटण दाबलं की त्याला एक निरोप येतो, माऊस हलला की दुसरा, सोडला की तिसरा. त्या निरोपात कुठे दाबलं ते असतं, कुठलं बटण ते असतं. हात कुणाचा ते नसतं. सुरुवातीला मला याचं फार बरं वाटायचं. वाटायचं, निदान इथे तरी सुटले. कसली सुटले? प्रोग्राम विचारत नाही, पण खुर्चीत बसलेला माणूस विचारतो.

त्या दिवशी मास्टरांनी बोलावलं ते फर्मा चिकटतो म्हणून. टेबलावर काम करताना ते पुठ्ठ्याचा फर्मा कापडाच्या कडेबाहेर सरकवून ठेवतात, जागा मोकळी करतात आणि मग आत घेतात. पडद्यावरही त्यांनी तेच केलं. फर्मा चौकोनाबाहेर नेला आणि तिथे बटण सोडलं. बाहेर सोडलेलं माझ्या चौकोनाला कळलंच नाही. माऊस जिकडे जाईल तिकडे फर्मा मागे.

"ये तो चिपक गया मैडम."

सरांच्या हातूनही तो सुटेना. मी न राहवून माऊस घेतला, करून पाहिलं आणि परत ठेवला. मग तो रुमाल निघाला.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली. ऑफिसात पाट मांडला, त्यावर सगळ्यांचे कीबोर्ड, सगळ्यांचे माऊस, हळदकुंकू, झेंडूची फुलं. माझा माऊस माझ्या टेबलावरच पडलेला.

सर म्हणाले, "तुमच्यात पूजा नसते ना. म्हणून तुझा नाही घेतला."

किती समजूतदारपणा. मी मान हलवली. खरंच आमच्यात पूजा नसते. मग छातीत हे काय जळतंय, तेच मला कळेना. घरी येऊन आईला सांगितलं. रुमालाचंही सांगितलं.

आईनं विचारलं, "त्यानं तुला इचारलं का आधी?"

"नाही."

"मंग पूजा नको हे त्यानं कसं काय ठरवलं? तू सांगायचं, नको म्हणून." पदराला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "माझ्या हातचे पापड खात आसंल तो. पाकिटावर हात दिसत न्हाई ना."

मी रडले. दुःखानं नाही, रागानं. इतके महिने मी याला नशीब म्हणत होते, स्वभाव म्हणत होते. तो हिशेबानं केलेला अपमान होता आणि त्यात माझी मान हलत होती.

दुरुस्ती करून आम्ही पुन्हा मास्टरांकडे गेलो. सर खुर्चीत बसले, माऊसवर हात ठेवला.

"हं, सांग."

"माऊस द्या. मी दाखवते."

"अगं, सांग ना. मी करतोय."

"नाही सांगणार. माझा हात लागला की तुम्ही पुसता. मास्टरांचा लागला तर पुसत नाही. का?"

"काहीतरीच काय. हायजिन असतं."

"त्यांच्या निळ्या बोटांना नसतं?"

सर लाल झाले. मी मास्टरांकडे पाहिलं. एक शब्द तरी बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "मैडम, हमको माल निकालना है." त्यांचंही पोट त्या टेबलावर. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या खोलीत मी एकटी आहे हे तेव्हा कळलं.

सरांनी स्वतःच फर्मा उचलला, कडेबाहेर नेला, सोडला. सुटला. मी दुरुस्त केलेलं त्यांच्या हातात मुकाट चाललं. माझ्यावाचून काही अडलं नाही.

ऑफिसात परत येऊन मी शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, छोटी बात है."

"छोटी है तो उनको बोलो, बंद करें."

शेठनी फोन उचलला आणि कुणालातरी लावला. नंतर म्हणाले, थोडे दिवस घरी बस. त्या थोड्या दिवसांचा अर्थ सगळ्यांना कळतो. नंतर अंबरनाथमध्ये, बदलापुरात बरीच ऑफिसं फिरले. मुलाखत बरी व्हायची. मग आडनावावर नजर थांबायची आणि मग "कळवतो".

परवा शेठचा फोन आला. मास्टरांना माऊसच्या चाकानं फर्मा मोठा करून बघायचाय, ती सोय प्रोग्राममध्ये करणं सरांना जमत नाही. "आ जा बेटा. तू बस बताना, वो कर लेंगे." पगारही वाढवतो म्हणाले. आई ऐकत होती. बाप आत खोकत होता. दोघांपैकी कोणी जा म्हणालं नाही, जाऊ नको म्हणालं नाही.

मी शेठना नाही म्हणाले.

सर बदलणार नाहीत. शेठ बोलणार नाहीत. दुसरं ऑफिस वेगळं असेल असं मला वाटत नाही. उद्या पापड लाटायला जावं लागलं तर जाईन, लाज नाही. पण खुर्चीच्या मागे उभी राहणार नाही. जिथे माझा हात चालत नाही, तिथे माझं डोकं मिळणार नाही.