बापाचं पथ्य

आईला दाखवायला दर मंगळवारी सांगलीच्या दवाखान्यात जायचो, तेव्हा कँटीनमध्ये ते बापलेक दिसायचे. लेक जेवायची आणि झुपकेदार मिशांचा बाप खिडकीकडे तोंड करून मेंढरांच्या गोष्टी सांगायचा. मला वाटलं, कसला तुसडा बाप!

एकदा ती हात धुवायला गेल्यावर तोच म्हणाला, "वजनाच्या भीतीनं पोरीनं जेवणच सोडलं हुतं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, ह्यो आजार हाय, हट्ट न्हवं. 'खा खा' करायचं न्हाई, ताटाकडं बघायचं न्हाई. आमच्या जतकडं पावण्यालाबी आग्रह केल्याबिगर उठू देत न्हाईत, आवं! तिला औषध, मला पथ्य."

गेल्या मंगळवारी ती म्हणाली, "आबा, तुमच्यातली अर्धी भाकरी घेऊ?"

त्यांनी खिडकीबाहेर बघतच आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. मेंढरांची गोष्ट मात्र त्यांना पुढं सांगता येईना.