मधला गोल

आमच्या गोलवाल्या बाई इंग्रजीचा तास फळ्यावर एक रिकामा गोल काढून सुरू करायच्या. खमरियाच्या फॅक्टरी वसाहतीतल्या आमच्या हिंदी शाळेत इंग्रजीचं पुस्तक उघडलं की सगळा वर्ग माना खाली घाली. बाई म्हणत, "डरो मत. जो शब्द पहचान में आए, वही बोलो." कोणी 'रिव्हर' म्हणे, कोणी 'बोट'. गोलाला फांद्या फुटत, फांद्यांना शब्द लागत. मधला गोल मात्र सगळा उतारा वाचून होईपर्यंत रिकामा. मग त्यात उताऱ्याचं सार, दोन-तीन शब्दांत. बाईंचं अक्षर कधी गोलाबाहेर गेलं नाही. माझ्याशी त्या मराठीत बोलत. "मधलं शेवटी. पण समजल्यावर रिकामं ठेवायचं नाही, ती बेइमानी होते."

नववीत मी इंग्रजीत नापास झाले. फॅक्टरीत कामाला असलेले बाबा म्हणाले, "बस झालं शिकणं." बाई आमच्या क्वार्टरवर आल्या. "भाऊ, काहून घाई करून राहिले? एक वर्ष द्या मला." बाबांनी दिलं. ते वर्ष मी बाईंच्या घरी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर गोल काढत काढलं.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.एड.ला कळलं, याला माइंड मॅप म्हणतात. बाई हसल्या. "अच्छा! नाव पण आहे का याला?"

निवृत्तीनंतर त्या कांचघर मोहल्ल्यात एकट्या राहत. दिसणं फार कमी झालं होतं. एका दुपारी त्यांनी मला बोलावून दवाखान्याचे इंग्रजी कागद पुढे केले. "डॉक्टर म्हणतात, घरच्यांना घेऊन या. आता घरची तूच. गोल काढून वाच."

मी कॅलेंडर उलटं केलं. पोट, यकृत, गाठी, पसरलेल्या. फांद्या भरल्या आणि पेन्सिल थांबली.

"मधे काय लिहिलंस?"

"अजून नीट समजलं नाही, बाई."

"नववीतही अशीच खोटं बोलायचीस. माझं बोट ठेव गोलावर."

मी ठेवलं. त्यांनी पेन्सिल घेतली, चाचपडत दोन शब्द लिहिले आणि म्हणाल्या, "चलो, झाला धडा. चहा टाक."

दोन महिन्यांत बाई गेल्या.

आज मी वर्गात गोल काढते, पण तो कागद मुलांना दाखवत नाही. मधे लिहिलं आहे, 'वेळ कमी'. त्यातला 'कमी' गोलाबाहेर गेला आहे.